कुठे कंडोमवर कर, कुठे कंडोम फुकट: गर्भ आणि संसर्ग टाळण्याच्या देशोदेशीच्या तऱ्हा

१ जानेवारी २०२६ पासून चीनमध्ये कंडोम, गर्भनिरोधक गोळ्या आणि तत्सम साधनांवर १३ टक्के व्हॅट लागू झाला. १९९३ पासून ही साधनं करमुक्त होती. तेव्हा एका जोडप्याला एकच मूल असा कायद्याचा बडगा होता आणि सरकारला पाळणे कमी हलायला हवे होते. आता जन्मदर इतका घसरला आहे की त्याच सरकारची झोप उडाली आहे. इकडे फ्रान्सने जानेवारी २०२३ पासून २६ वर्षांखालच्या तरुणांना औषधाच्या दुकानात कंडोम फुकट द्यायला सुरुवात केली, कारण तिथे तरुणांमध्ये लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार वाढत होते. वस्तू एकच. एकीकडे तिच्यावर कर, दुसरीकडे तिच्यासाठी तिजोरीतून पैसे.

अशा बातम्या वाचल्या की आपण पटकन म्हणून टाकतो, "त्यांची संस्कृतीच वेगळी." उत्तर सोयीचं आहे, पण त्याने फार थोडं उलगडतं. अख्ख्या देशाची वागणूक दहा-पंधरा वर्षांत पालटल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि संस्कृती काही इतक्या घाईने बदलत नाही. लोक काय वापरतात हे त्यांच्या श्रद्धेपेक्षा तीन साध्या गोष्टींवर जास्त ठरतं, असं मला वाटतं: हाताशी काय आहे, ते देणारा कोण आहे आणि त्या समाजात भीती नेमकी कशाची आहे.

दोन धोके, दोन वेगळे हिशेब

शरीरसंबंधातून नको असलेल्या दोन गोष्टी घडू शकतात. पहिली म्हणजे दिवस जाणं. जगातल्या एकूण गर्भारपणांपैकी जवळपास निम्मी, म्हणजे वर्षाला सुमारे १२ कोटी, ठरवून आलेली नसतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२२ मध्ये मांडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे लैंगिक संसर्ग: संबंधांतून एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाणारे जंतू. परमा म्हणजे गोनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार संसर्ग औषधाने बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या चारांची मिळून रोज दहा लाखांहून जास्त नवी लागण होते. एचआयव्ही, हर्पिस, हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही हे विषाणू. त्यातला एचपीव्ही बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो, पण काही स्त्रियांमध्ये मुक्काम ठोकतो आणि पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग घडवतो.

गंमत अशी की गर्भ टाळण्यात जी साधनं सर्वांत पक्की, ती संसर्गापुढे बिनकामाची. नसबंदी, तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट, इंजेक्शन, गोळी यांतलं एकही साधन जंतूंना अडवत नाही. रेनकोट कितीही भारी असला तरी डास चावायचे थांबत नाहीत, तसंच हे. दोन्ही कामं करणारा कंडोम, पण गर्भ टाळण्यात तो या सगळ्यांच्या मागे.

किती मागे? शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर साधारण ८५ जणींना दिवस जातात. कंडोम दर वेळी आणि अगदी नीट वापरला तर हा आकडा २ वर येतो. पण माणसं घाईत असतात, पाकीट घरी राहतं, "आज चालेल" म्हटलं जातं, आणि प्रत्यक्षातला आकडा १३ होतो. गोळीचंही तसंच: न चुकता घेतली तर वर्षाला एकीलाही क्वचितच, प्रत्यक्षात ७ जणींना. तांबी किंवा नसबंदीत विसरण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून तिथे तो एकाच्या आतबाहेर राहतो. हे आकडे अमेरिकेतल्या अभ्यासांचे आहेत, पण विसराळूपणा सगळीकडे सारखाच.

म्हणजे प्रत्येक देशाला, आणि खरं तर प्रत्येक जोडप्याला, एक निवड करावी लागते: जास्त भीती कशाची? दिवस जाण्याची, की संसर्गाची? बहुतेकांना ही निवड आपण केली आहे याचा पत्ताच नसतो.

हाताशी असेल ते

२०१९ मध्ये जगात सर्वाधिक वापरलं जाणारं साधन होतं स्त्रियांची नसबंदी, सुमारे २१ कोटी ९० लाख स्त्रियांची. त्याखालोखाल कंडोम, मग तांबी, मग गोळी. पण ही जगाची सरासरी आहे आणि ती कुठल्याच देशाला नीट लागू पडत नाही.

जपान घ्या. संसारी जोडप्यांत तिथे कित्येक दशकं कंडोमचं राज्य आहे आणि गोळी घेणाऱ्या स्त्रिया ३ टक्क्यांच्या आसपास. यावर जपानी स्वभाव, शिस्त, लाजाळूपणा अशी बरीच स्पष्टीकरणं दिली जातात. मुख्य कारण मात्र कागदोपत्री आहे: अमेरिकेत १९६० मध्ये मंजूर झालेली गर्भनिरोधक गोळी जपानने १९९९ पर्यंत मंजूरच केली नव्हती. गर्भपात तिथे १९४८ पासून कायदेशीर होता, तो डॉक्टरांच्या उत्पन्नाचा भाग होता आणि गोळीला वैद्यकीय वर्तुळातून विरोध होता. पुढे, गोळी आली तर लोक कंडोम सोडतील आणि एचआयव्ही पसरेल, असंही कारण पुढे केलं गेलं. मग १९९९ च्या जानेवारीत पुरुषांसाठीची व्हायग्रा अर्जानंतर सहाएक महिन्यांत मंजूर झाली. बायकांनी विचारलं, आमच्या गोळीला चाळीस वर्षं आणि यांच्या गोळीला सहा महिने? जूनमध्ये गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. तोवर दोन पिढ्यांना कंडोमचीच सवय लागलेली होती आणि ती तशीच राहिली.

भारताचा मार्ग दुसरा. १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा हा जगातला पहिला देश. १९७६ मध्ये आणीबाणीत पुरुषांच्या सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा फिरला. त्या एका वर्षात साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या धसक्यानंतर पुरुषांच्या नसबंदीवर कुठल्याच सरकारने पुन्हा तसा जोर दिला नाही आणि जवळपास सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेल्या जेमतेम ०.३ टक्के. कंडोम ९.५ टक्के, गोळी ५.१ टक्के. बहुतेकींचं ऑपरेशन पंचविशीच्या आसपास उरकतं. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत दिवस जायची भीती नाही, म्हणून कंडोमही नाही. संसर्गाचा विचार त्या हिशेबात येतच नाही.

तुर्कस्तानात आणखी तिसरंच. २०१८ च्या पाहणीत तिथली सर्वांत प्रचलित पद्धत होती पुरुषाने वेळेवर बाजूला होण्याची. साधन लागत नाही, पैसे लागत नाहीत, डॉक्टर लागत नाही. प्रत्यक्षात शंभरांत सुमारे वीस जणींना त्यातून वर्षभरात दिवस जातात, हा भाग वेगळा.

सरकारचं मन फिरलं की

रुमानियाचे हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांना मोठा देश हवा होता. १९६६ मध्ये त्यांनी फर्मान क्रमांक ७७० काढून गर्भपातावर बंदी आणली आणि गर्भनिरोधकं बाजारातून गायब झाली. दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण १.९ वरून पुढच्याच वर्षी ३.७ वर गेलं. सरकार खूश झालं असणार. पण लोकांनी चोरवाटा शोधल्या, आकडा पुन्हा उतरत गेला आणि बायका चोरून केलेल्या गर्भपातांत मरू लागल्या. १९८९ मध्ये रुमानियात लाख जन्मांमागे सुमारे १७० माता दगावत होत्या. युरोपातला तो सर्वांत वाईट आकडा. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, फर्मान रद्द झालं आणि वर्षभरात मातामृत्यू निम्म्यावर आले. रुमानियन माणसाची मूल्यं एका वर्षात बदलली, असं कुणी म्हणू शकेल का?

इराणने दोनदा कोलांटउडी मारली. १९७९ च्या क्रांतीनंतर आधीचा कुटुंब नियोजन कार्यक्रम गुंडाळला गेला, इराकशी युद्ध सुरू होतं आणि जास्त मुलं ही देशसेवा होती. १९८६ ची जनगणना हातात आल्यावर राज्यकर्ते हबकले. १९८९ मध्ये त्याच इस्लामी राजवटीने नवा कार्यक्रम आणला: गावोगावच्या आरोग्य केंद्रांत फुकट गोळ्या, कंडोम, तांबी, पुरुषांची नसबंदी आणि लग्नाआधी जोडप्यांना सक्तीचा वर्ग. दर स्त्रीमागे सहाहून जास्त मुलं होती, ती २००० च्या सुमारास दोनाच्या जवळ आली. इतक्या वेगाने घसरण फार थोड्या देशांनी पाहिली आहे. मग २०१२ मध्ये वारं पुन्हा फिरलं आणि २०२१ च्या कायद्याने सरकारी केंद्रांतलं फुकट वाटप आणि नसबंदी बंद केली.

चीनमधला ताजा कर याच ओळीत बसतो. माझा अंदाज विचाराल तर १३ टक्क्यांनी पाळणे हलणार नाहीत. मूल वाढवायचा खर्च पाहता कंडोमच्या पाकिटावरचा कर म्हणजे किस झाड की पत्ती. तो बोचेल फक्त ज्याच्याकडे आधीच पैसे कमी आहेत त्याला, आणि तोच माणूस एखाद्या वेळी कंडोमशिवाय जाईल. लोकसंख्येसाठी घेतलेला निर्णय अशा वेळी संसर्गाच्या खात्यात मांडला जातो.

"पण धर्माचं काय?"

हा पहिला आक्षेप, आणि तो पोकळ नाही. कॅथलिक चर्चने १९६८ मध्ये पोपच्या पत्रकातून कृत्रिम गर्भनिरोधन नाकारलं आणि ती भूमिका आजही कायम आहे. तरी व्हॅटिकनला कुशीत घेऊन बसलेल्या इटलीचा जन्मदर जगातल्या सर्वांत कमी जन्मदरांत मोडतो. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या इंडोनेशियाने "दोन मुलं पुरे" ही घोषणा घराघरात पोचवली, आणि तिथलं सर्वांत लोकप्रिय साधन आहे इंजेक्शन. इस्लामी कायदेपंडितांपैकी बहुतेकांनी वेळेवर बाजूला होण्याची पद्धत पूर्वीपासून मान्य केलेली होती, आणि इराणने तोच आधार पुढे नेला.

धर्माचा जोर चालतो तो कायद्याच्या हातून. आयर्लंडमध्ये १९३५ पासून गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात गुन्हा होता. डॉक्टर गोळी लिहून द्यायचे, पण "पाळी नियमित होण्यासाठी". मग देशभरात अनियमित पाळीच्या बायका एकाएकी वाढल्या. २२ मे १९७१ रोजी पन्नासच्या आसपास बायका डब्लिनहून रेल्वेने सीमेपलीकडच्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या. ठरलं होतं ते गर्भनिरोधकं विकत घेऊन उघडपणे परत यायचं. तिथे गेल्यावर कळलं की गोळीला चिठ्ठी लागते. मग त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली, कारण कस्टमवाल्याला गोळीतला फरक काय कळणार! संध्याकाळी डब्लिन स्टेशनवर त्यांनी कंडोम, गर्भनिरोधक जेली आणि त्या "गोळ्या" अधिकाऱ्यांसमोर फडकवल्या. अधिकारी इतके ओशाळले की त्यांनी सगळ्यांना सोडून दिलं.

कायदा मात्र लगेच हलला नाही. १९७९ च्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवर कंडोम मिळायची सोय केली, १९८५ च्या कायद्याने चिठ्ठीशिवाय, तेही अठरा वर्षांवरच्यांना. आणि सप्टेंबर २०२२ पासून तोच देश १७ ते २५ वयाच्या स्त्रियांना गर्भनिरोधकं सरकारी खर्चाने देऊ लागला. चर्चचं म्हणणं या सगळ्या काळात अक्षरशः बदललेलं नाही.

दुष्परिणामांची भीती

ज्या स्त्रियांना मूल नको आहे तरी त्या काहीच वापरत नाहीत, त्यांना कारण विचारलं तर काय सांगतील? "माहिती नव्हती" आणि "मिळत नाही" ही दोन उत्तरं आपण गृहीत धरतो. ५२ विकसनशील देशांच्या पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये मांडलेलं चित्र वेगळं होतं. विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा म्हणाला, दुष्परिणामांची भीती वाटते. जवळपास तितक्याच म्हणाल्या, संबंध फार क्वचित येतात. तितक्याच जणींचा स्वतःचा किंवा घरच्यांचा विरोध होता. माहिती नसल्याचं कारण देणाऱ्या अगदी थोड्या.

या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकणं चूक आहे. हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनांनी काहींची पाळी बिघडते, डोकं दुखतं, वजन वाढल्यासारखं वाटतं. जिला महिन्यातून पंधरा दिवस रक्तस्राव होतो, तिच्या स्वयंपाक, देवपूजा, कामावर जाणं या सगळ्यावर परिणाम होतो. आरोग्य सेविकेने "होतं असं, चालतं" म्हटलं की ती पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही.

पण भीती शिकलेल्या देशांतही तितकीच पसरते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की नव्या प्रकारच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी "दुप्पट" हा शब्द उचलला. मूळ धोका सात हजारांत एकीला होता, तो दोघींना झाला, हे कुणी ठळक छापलं नाही. कित्येक बायकांनी पाकीट अर्ध्यावर टाकून दिलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

जपानमध्ये २०१३ मध्ये हेच एचपीव्हीच्या लशीबाबत झालं. एप्रिलमध्ये लस नियमित कार्यक्रमात आली, मुलींना वेदना आणि झटके येत असल्याच्या बातम्या टीव्हीवर झळकल्या आणि जूनमध्ये सरकारने शिफारस मागे घेतली. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या घरातून एका टक्क्याखाली गेलं. लशीशी त्या त्रासाचा संबंध सिद्ध झाला नाही, पण शिफारस परत यायला एप्रिल २०२२ उजाडलं. तोवर रवांडासारख्या गरीब देशाने २०११ पासून शाळांमधून लस देऊन ९० टक्क्यांहून जास्त मुली संरक्षित केल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एकही नोंद सापडली नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

संसर्ग म्हणजे दुसऱ्याचा आजार

दिवस गेल्याचं लपत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना कळतही नाही. शिवाय संसर्ग झाला म्हणजे कुणीतरी कुठेतरी काहीतरी केलं, हा संशय जोडून येतोच. लग्नाच्या बायकोने कंडोम मागितला तर "माझ्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न कुठल्याही भाषेत तयार असतो. गर्भ टाळण्यासाठी मागितला तर तो समजूतदारपणा.

थायलंडने ही अडचण दोन टोकांनी सोडवली. कुटुंब नियोजनाचे कार्यकर्ते मेचाई वीरवैद्य यांनी १९७० च्या दशकापासून कंडोमभोवतीची लाज हसून हसून घालवली: फुगवण्याच्या स्पर्धा, पोलिसांच्या हातून वाटप, भिक्खूंनी पवित्र पाणी शिंपडलेली खोकी. थाई लोक कंडोमलाच "मेचाई" म्हणू लागले. दर स्त्रीमागे पाचाहून जास्त मुलं होती, ती १९९० च्या सुमारास दोनावर आली.

दुसरं टोक अगदीच व्यवहारी होतं. १९८९ मध्ये राचबुरी प्रांतात सर्व कुंटणखान्यांना एकच नियम लागला: कंडोम नाही तर गिऱ्हाईक नाही. एकट्या बाईने आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जातं; सगळीकडेच नियम असला तर जाणार कुठे? परमा घेऊन सरकारी दवाखान्यात आलेल्या पुरुषाला विचारलं जायचं, कुठे गेला होतास? त्या मालकावर मग दबाव यायचा, नाही ऐकलं तर टाळं. १९९१ मध्ये हे देशभर झालं. अशा संबंधांत कंडोमचा वापर १४ टक्क्यांवरून काही वर्षांत ९० च्या वर गेला आणि सरकारी दवाखान्यांत नोंदले जाणारे पुरुषांचे गुप्तरोग ८० टक्क्यांहून जास्त घटले. भाषण इथे बायकांना द्यायची गरजच पडली नाही, पकडलं मालकाला. यात पोलिसांचा जाच त्या बायकांनीही सोसला, तेही सांगायला हवं.

युरोपात आता याच्या उलट्या दिशेने प्रवास चालू आहे. १९८७ मध्ये ब्रिटनने घरोघरी पत्रक टाकून एड्सची धास्ती पेरली होती. १९९६ पासून प्रभावी औषधं आली, एचआयव्ही असूनही माणसं पूर्ण आयुष्य जगू लागली, आणि औषध नीट चालू असेल तर जोडीदाराला लागणही होत नाही हे सिद्ध झालं. ही वैद्यकशास्त्राची फार मोठी कमाई आहे. तिच्या पोटात धास्ती विरली आणि कंडोमची सवयही. युरोप आणि आसपासच्या ४२ देश-प्रदेशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे संबंध आले होते, त्यांतल्या शेवटच्या वेळी कंडोम वापरलेल्या मुलांचं प्रमाण २०१४ मध्ये ७० टक्के होतं, २०२२ मध्ये ६१; मुलींचं ६३ वरून ५७. साधारण तिसऱ्या हिश्शाने कंडोमही वापरला नव्हता आणि गोळीही नाही. २०२३ मध्ये युरोपात परम्याचे जवळपास ९७ हजार रुग्ण नोंदले गेले, २०१४ च्या चौपट. परम्याचा जंतू एकेका प्रतिजैविकाला दाद देईनासा होत चालला आहे, ही वेगळी डोकेदुखी.

आणि कंडोमचा देश जपान? तिथे २०२२ मध्ये गरमीचे दहा हजारांहून जास्त रुग्ण निघाले. कंडोम म्हणजे संसारातलं गर्भ टाळायचं साधन, असं डोक्यात बसलेलं असलं की जिथे गर्भाचा प्रश्न नाही तिथे तो आठवत नाही.

"शिकवलं की मुलं बिघडतात"

हा आक्षेप सगळ्या खंडांत सारख्याच शब्दांत ऐकू येतो. त्याची परीक्षा अमेरिकेने नकळत घेतली. तिथे वर्षानुवर्षं "लग्नापर्यंत थांबा" एवढंच शिकवणाऱ्या वर्गांना सरकारी पैसा मिळत होता. संसदेच्या आदेशाने झालेल्या अभ्यासाचा निकाल २००७ मध्ये आला: त्या वर्गांतली मुलं आणि बाहेरची मुलं, संबंध सुरू होण्याच्या वयात काही फरक नव्हता. साधनांसकट सगळं शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांमुळे संबंध लवकर सुरू होत नाहीत, असं युनेस्कोचा २०१८ चा आढावाही सांगतो. नेदरलँड्समध्ये हा विषय प्राथमिक शाळेपासून असतो, आणि तिथलं किशोरवयीन मातांचं प्रमाण युरोपातही तळाशी आहे. तिथे गोळी आणि कंडोम दोन्ही एकदम वापरायचा सल्ला दिला जातो, हे इतरांनी उचलण्यासारखं.

पुरुष कुठे आहेत?

भारताच्या २०१९-२१ च्या पाहणीत तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त पुरुषांना गर्भनिरोधन ही बायकांनी बघायची बाब वाटते. ब्राझीलमध्ये तर २०२२ चा कायदा लागू होईपर्यंत विवाहित स्त्रीला स्वतःच्या नसबंदीसाठी नवऱ्याची संमती लागायची. कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि आपल्या शेजारचा भूतान इथे पुरुषांची नसबंदी नेहमीची गोष्ट आहे. शस्त्रक्रिया तीच, बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. फरक इतकाच की तिथे कुणी पुरुषांना बकोट धरून नेलं नव्हतं.

एकाच साधनात दोन्ही?

इस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया इथल्या ७,८२९ स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना इंजेक्शन, तांबी किंवा इम्प्लांट यांपैकी एक साधन दिलं होतं. इंजेक्शनने एचआयव्हीचा धोका वाढतो का, हा मूळ प्रश्न होता. तसा मोठा फरक दिसला नाही. पण तिन्ही गटांत मिळून वर्षाला शंभरातल्या जवळपास चार जणींना एचआयव्हीची लागण झाली, समुपदेशन आणि कंडोम पुरवूनसुद्धा. गर्भ टाळण्याची उत्तम सोय झालेल्या या बायका होत्या.

२०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातून चांगली बातमी आली. लेनाकापाव्हिर हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. नवऱ्याला विचारावं लागत नाही, पाकीट लपवावं लागत नाही. दिवस जायचे मात्र त्याने थांबत नाहीत, परमाही नाही.

दोन्ही कामं एकत्र करणारी आणि बाईच्या हातात राहणारी वस्तू एकच आहे, स्त्रियांचा कंडोम. १९९६ च्या सुमारास झिम्बाब्वेत तीस हजारांहून जास्त स्त्रियांनी सह्या करून सरकारकडे तो मागितला आणि पुढच्या वर्षी तो तिथे विक्रीला आला. पुरुषांच्या कंडोमपेक्षा तो कितीतरी महाग पडतो, म्हणून सरकारी खरेदीच्या याद्यांत तो आजही खालीच असतो.